दोन कुंडलिका आणि एक उत्तेजनार्थ

प्रज्ञा खरातला फसवलं ते जिल्हा प्रकल्प प्रदर्शनाच्या परीक्षकांनी. मला फसवलं ते त्या प्रदर्शनाच्या साहेबांनी. पहिल्या फसवणुकीत घाई होती, दुसरीत हुशारी होती. घाई मी माफ करू शकतो.

निकाल लागला तेव्हा आम्ही जालन्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतो. पहिला क्रमांक शहरातल्या एका इंग्रजी शाळेचा आला. प्रकल्पाचं नाव 'कुंडलिका: आपली जीवनवाहिनी'. आमच्या प्रज्ञाचा प्रकल्पही कुंडलिकेवरच होता. हरलो म्हणून मी लगेच चिडलो नाही. आपल्यापेक्षा चांगला माल कुणाकडे असेल तर तो बघून यावा, ही माझी जुनी सवय. म्हणून मी त्यांच्या टेबलापाशी गेलो.

रंगीत प्रिंट, चकचकीत फाईल, मागे थर्मोकोल. मधल्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'कुंडलिका नदी सह्याद्रीत उगम पावते व अरबी समुद्राला मिळते.' त्याखाली फोटो. डोक्याला हेल्मेट घातलेली माणसं रबरी होडीतून पांढऱ्या फेसाळ पाण्यात उड्या मारताहेत.

ज्यांनी जालन्याची कुंडलिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिच्यात होडी घालायची तर वर्षातले बरेच महिने आधी पाणी घालावं लागेल. पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात. आणि ती अरबी समुद्राला मिळत नाही. ती दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे बरोबर उलट्या दिशेला. तक्त्यावर जी होती ती कोकणातली कुंडलिका, रोह्याकडची. नाव तेच, नदी वेगळी.

शेजारी तो प्रकल्पवाला मुलगा उभा होता. टाय, बूट, गालावर आनंद.

मी विचारलं, "बाळा, ही नदी तू पाहिली का?"

"हो सर, रोज. आमची बस पुलावरून जाते."

"मग ह्या होड्या कुठं असतात?"

त्याने जरा विचार केला. "वरच्या बाजूला असतील सर. डॅमकडे."

त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याने रोज पाहिलेल्या नदीपेक्षा छापलेल्या नदीवर विश्वास ठेवला, आणि त्यासाठी त्याला नुकतंच बक्षीस मिळालं होतं.

ही चूक माझ्या चटकन लक्षात आली, कारण ती माझ्या वर्गात आधीच होऊन गेली होती.

मी मूळचा वडीगोद्रीचा. शाळा सुटली की हायवेवर ट्रकवाल्यांना पेरू विकायचो. घासाघीस तिथे शिकलो, बी.एड. नंतर झालं. शिक्षकाला लागणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या मला पेरूच्या पाटीने शिकवल्या, असं मी मानतो. गिऱ्हाईक खोटं बोलतंय का, घाईत आहे का, की नुसतं हात लावून बघतंय, हे चेहऱ्यावरून ओळखता आलं पाहिजे. वर्गातही तेच.

माझी शाळा जालन्याच्या खालच्या अंगाला, कुंडलिकेच्या काठच्या एका गावात. शहराचं सगळं सांडपाणी आमच्याकडे येतं. आमच्या लॅबमध्ये काही कॉम्प्युटर खात्याकडून आले होते, काही मी शहरातल्या एका दुकानदाराशी दोन दुपारी भांडून जुने आणले होते. त्याने शेवटी हात जोडले आणि दोन कीबोर्ड वरून दिले. नेट टेलिफोनच्या लाईनवर चालायचं. मुख्याध्यापकांच्या ऑफिसात कुणी रिसीव्हर उचलला की लॅबमधलं नेट बंद. त्यात लोडशेडिंग. वीज आणि लाईन एका वेळी हजर असणं म्हणजे सोयरीक जमण्यासारखं होतं. म्हणून नेटचा तास मी फार जपून आखायचो.

आखायचो म्हणजे टाचण लिहायचो. शिक्षक नसलेल्यांसाठी सांगतो. उद्या वर्गात काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने, कोणतं साहित्य वापरून, आणि शेवटी मुलांना काय विचारायचं, हे आदल्या दिवशी लिहून काढायचं, त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यायची, हे टाचण. बरेच जण मागच्या वर्षीचं उतरवून काढतात. मी त्या वर्षी नववीसाठी नवं टाचण लिहिलं होतं. घटक: आपल्या परिसरातील नदी. पहिली पायरी: इंटरनेटवरून माहिती मिळवणे. दुसरी पायरी: नोंदी काढणे. तिसरी पायरी: नदीवर भेट.

त्या दिवशी नशिबाने वीज होती आणि लाईनही होती. मुलांनी इंग्रजी अक्षरांत कुंडलिका टाईप केलं. पान उघडायला इतका वेळ लागायचा की मुलं फोटोचा वरचा भाग बघून खाली काय असेल याच्या पैजा लावायची. फोटो उतरत उतरत खाली आला. होडी दिसली.

गजानन नावाचा एक मुलगा उठून उभा राहिला. "सर, आपल्या नदीत होड्या चालून राह्यल्या."

"कोण म्हणतं?"

"नेट म्हणतंय."

"काल तू म्हशी घेऊन नदीवर गेल्ता ना?"

"गेल्तो की."

"मंग दिसली का होडी?"

"न्हाई सर. पण फोटो हाय ना."

वर्ग हसला. पण हसता हसता सगळ्यांनी ते वहीत उतरवलं होतं. सह्याद्री, अरबी समुद्र, सगळं. ज्यांची जनावरं रोज त्या नदीत पाणी पितात त्यांनी.

एकच मुलगी लिहीत नव्हती. प्रज्ञा खरात. तिचे वडील गवंडी, आई रोजाने शेतात जायची. ती उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेली, बोटाने रेघ धरत पूर्वेकडे गेली, आणि परत जागेवर आली.

"सर, ही आपली न्हाई. हिचं पाणी तिकडं चाल्लंय, आपलं इकडं. ही दुसरी हाय, आपल्या नावाची."

"कशावरून?"

"आपल्याकडं समुद्र कुठाय?"

मी त्याच दिवशी टाचणावर आडवी रेघ मारली आणि क्रम उलटा केला. आधी नदी, मग नोंदी, मग नेट. मुख्याध्यापक काळे सर भले गृहस्थ, पण तपासणीला फार घाबरायचे.

"तौर सर, टाचणात खाडाखोड चालत नाही. तपासणीला साहेब येतात."

"साहेबांना सांगा, वर्गात चुकलं म्हणून कागदावर खोडलं."

"तुम्ही नवीन पान लिहा ना, कशाला उगीच."

"सर, खोडलेलं दिसलं तर पुढच्या मास्तरला कळेल की इथं खड्डा आहे."

त्यांनी सही केली, पण बारीक केली.

गुण द्यायची पद्धतही मी बदलली. नेटवरची माहिती नुसती उतरवली तर निम्मे गुण. उरलेल्या निम्म्यांसाठी एकच प्रश्न: हे खरं आहे हे तुला कसं कळलं? मुलांना हा प्रश्न अजिबात आवडला नाही. मुलगा यायचा, आठ मागायचा. मी म्हणायचो, चारला देतो, वरच्या चारचा पुरावा आण. तो सहावर यायचा. मी चारवरच. शेवटी तो कुरकुरत नदीवर नाहीतर कुणाच्या तरी विहिरीवर जायचा, आणि परत यायचा तेव्हा त्याला खरंच काहीतरी माहीत झालेलं असायचं. माझ्यामागे मुलं म्हणायची, "सर मार्कांचा पण बाजार करतेत." मला ते कळलं होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मूल्यमापन या मोठ्या शब्दाचा अर्थ माझ्या लेखी एवढाच: मूल जे सांगतं त्याची किंमत ठरवायची, आणि ती ठरवताना त्याला गप्प बसू द्यायचं नाही.

प्रज्ञाने प्रकल्प घेतला तो असा. गावाच्या वरच्या अंगाला कुंडलिका कशी, खालच्या अंगाला कशी. बापाने गवंडीकामातली ओळंब्याची दोरी दिली. ती दोरी आणि एक बांबू घेऊन ती पाण्याची खोली मोजायची. फेस कुठून सुरू होतो, कुठे मरतो, ते लिहायची. काठावरच्या कोणत्या विहिरीचं पाणी लोक पूर्वी प्यायचे आणि आता फक्त जनावरांना देतात, ते विचारून यायची. मैत्रिणी दोन वेळा सोबत गेल्या, मग वासाला कंटाळल्या. ती जात राहिली.

नेटही तिने वापरलं. पण कामानंतर. तिला एकच गोष्ट हवी होती: पाण्यावर हा फेस येतो कशाने. त्यासाठी तिने माझ्याशेजारी बसून इंग्रजी पानं चाळली. शब्द अडला की डिक्शनरी. कपड्यांच्या आणि भांड्यांच्या साबणाबद्दल बरंच सापडलं. मग ती म्हणाली, "सर, हे आपल्या पाण्यात हाय का न्हाई, ते कसं तपासायचं?"

मी म्हणालो, "त्याला केमिस्ट्रीची लॅब लागते. आपल्याकडे नाही."

"मंग कुठं असती?"

"अकरावीला सायन्स घेतलं की असते. मोठ्या कॉलेजात."

तिने वही मिटली. पण तिच्या डोक्यात ते बसलं हे मला दिसलं. तेव्हापासून तिला सायन्सच घ्यायचं होतं. डॉक्टर व्हायला नाही, इंजिनिअर व्हायला नाही. पाणी तपासायला.

आमच्या भागात सायन्सचं कॉलेज जवळ नव्हतं. शहरात जायचं तर बस संध्याकाळी परत मिळत नाही, खोली करून राहणं तिच्या घरच्यांना जमणार नव्हतं. पण त्या वर्षी एक वाट होती. जिल्ह्यात पहिला आलेला प्रकल्प औरंगाबादच्या विभागीय फेरीत टिकला, तर त्या मुलाला किंवा मुलीला दहावीनंतर एका संस्थेच्या वसतिगृहात दोन वर्षं राहण्याची आणि सायन्स शिकण्याची सोय होती. जिल्ह्याला जागा एक. म्हणून ते प्रदर्शन आम्हाला प्रदर्शन नव्हतं. प्रज्ञाला ते अकरावीचं दार होतं.

फाईल बांधण्याआधी तिने पहिल्या पानावर एक सूचना लिहिली. मी सांगितलेली नाही, तिची स्वतःची. 'आमची कुंडलिका नेटवर सापडली नाही. सापडते ती कोकणातली दुसरी नदी आहे. दोघींचं नाव एक आहे, म्हणून गोंधळ होऊ नये.' मला ती इतकी आवडली की मी तिला अक्षर मोठं काढायला सांगितलं.

आता परत हॉलमध्ये येतो.

परीक्षक स्टाफरूममध्ये बसले होते. भजी आली होती, कपबशा वाजत होत्या. मुख्य परीक्षक म्हणजे एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम. मी प्रज्ञाची फाईल घेऊन आत गेलो.

"मॅडम, ह्या मुलीला इतके कमी गुण कसे पडले, ते विचारायला आलोय."

त्यांनी फाईल ओळखली. "अहो सर, प्रकल्प चांगला होता. पण 'इंटरनेटचा वापर' या रकान्यात तिला शून्य द्यावं लागलं. या वर्षी त्याला सगळ्यात जास्त गुण आहेत."

"का पण? वापरलंय की तिने. मागे पानं जोडलीत."

"तिनेच पहिल्या पानावर लिहिलंय ना, नेटवर सापडली नाही म्हणून."

"पुढची ओळ वाचली का तुम्ही?"

"सर, प्रकल्प किती होते माहितीय का? सकाळपासून मान वर केलेली नाही."

"मॅडम, पुढची ओळ वाचा. मोठ्याने वाचा."

माझा आवाज चढला होता. एक परीक्षक भजं हातात धरून थांबला. मॅडमनी ओळ वाचली. मग परत मनाशी वाचली. मग त्यांनी हॉलच्या दिशेने पाहिलं.

"म्हणजे ह्या दोन आहेत?"

"दोन आहेत. तुम्ही जिला पहिला नंबर दिला ती इथनं वाहत नाही."

त्या खरंच कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांचा मला तेव्हा राग आला होता, आता येत नाही. त्यांच्या हातात रकाने छापलेला तक्ता दिला होता. विषय, मांडणी, आकर्षकता, इंटरनेटचा वापर. माहिती खरी आहे का, असा रकानाच नव्हता. माणूस ज्या रकान्यात बघायला सांगाल त्याच रकान्यात बघतो. मुलांचंही तसंच असतं.

तो तक्ता कुणी बनवला होता? साहेबांनी. खात्याने शाळाशाळांना कॉम्प्युटर वाटले होते, वर रिपोर्ट पाठवायचा होता की मुलं नेट वापरताहेत. म्हणून तो रकाना सगळ्यात जड. हे साहेब शिक्षण खात्यातले, प्रदर्शनाचे प्रमुख. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना स्वतःला कळेल.

आवाज ऐकून ते आत आले. "काय गडबड आहे?"

मॅडम म्हणाल्या, "सर, निकालात चूक झालीय. फेरतपासणी करावी लागेल."

साहेबांनी फाईल पाहिली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला व्हरांड्यात आणलं.

"तौर सर, तुम्ही समजदार माणूस. निकाल पाहुण्यांनी माईकवर वाचला. आता तो फिरवायचा कसा?"

"वाचणाऱ्याने परत वाचायचा. पहिला रद्द करा."

"ते शक्य नाही."

"मग दोन्ही पाठवा औरंगाबादला. तिथे ठरू द्या."

"जागा एक आहे."

"मग दुसरा नंबर हिला द्या आणि आजच्या तारखेला फेरतपासणीचं पत्र काढा."

"दुसरा, तिसरा, सगळे जाहीर झाले. एक उत्तेजनार्थ राह्यलंय. ते देता येईल."

उत्तेजनार्थ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पहिला, दुसरा, तिसरा देऊन झाल्यावर हातात जे उरतं ते. मी सरळ नाही म्हणालो. "त्याचं काय करू? घरी टांगू?"

मग त्यांनी आवाज खाली आणला. पेरू विकताना मी शिकलो होतो की गिऱ्हाईकाने आवाज खाली आणला की पाटी घट्ट धरायची. त्या दिवशी मी ती धरली नाही.

"फेरतपासणीचं मी बघतो," ते म्हणाले. "तो माझा शब्द. पण आत्ता त्या पोरीला मोकळ्या हाताने घरी पाठवू नका. तिचे आई-वडील आलेत. तिकडं बघा."

मी बघितलं. हॉलच्या दाराशी प्रज्ञाचे वडील उभे होते, धुतलेला सदरा घालून. आई पायरीवर बसली होती. मी प्रज्ञाला बाजूला घेतलं आणि काय मिळतंय ते सांगितलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल, म्हणजे मला भांडायला बळ येईल.

ती म्हणाली, "सर, बाबा खाडा करून आलेत. आई पण. काही तरी घेऊन गेलो तर बरं राहील."

"पण तुझा नंबर खरा पहिला आहे."

"ते तुमाला माहीत हाय, मला माहीत हाय. बाबाला स्टेजवर बघायचंय."

मी साहेबांना हो म्हणालो. माईकवर तिचं नाव घेतलं गेलं. ती गेली, प्रमाणपत्र घेतलं, वाकून नमस्कार केला. तिच्या वडिलांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतले मागे वळून बघायला लागले. नंतर ते माझ्यापाशी आले. "सर, तुमच्यामुळं झालं." मी त्यांना फेरतपासणीचं सांगितलं. ते म्हणाले, "हां हां, बराबर. साहेब करतेन." त्यांचा साहेब लोकांवर विश्वास होता. त्या संध्याकाळी माझाही होता.

फेरतपासणीचं पत्र आलं नाही. मी लेखी तक्रार केली. काळे सरांनी तिच्यावर सही करायला बरेच आढेवेढे घेतले.

"सर, उगाच साहेबांशी वाकडं कशाला? आपली तपासणी जवळ आलीय."

"तुम्ही सही करा. वाकडं मी निस्तरतो."

"तुमचं निस्तरणं म्हणजे भांडण असतं हो."

पण केली त्यांनी सही, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. उत्तर आलं ते मला अजून पाठ आहे. 'सदर विद्यार्थिनीने उत्तेजनार्थ पारितोषिक स्वीकारले असल्याने निकाल मान्य असल्याचे गृहीत धरून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

मी ते पत्र स्टाफरूममध्ये दोनदा वाचलं. मी आयुष्यभर भाव केले. दुकानदारांशी केले, संस्थाचालकांशी केले, लग्नात मंडपवाल्याशी केले. मला कुणी असं कापलं नव्हतं. व्हरांड्यातल्या त्या माणसाला तेव्हाच माहीत होतं की प्रमाणपत्र हातात पडलं की तोंड बंद होतं. बापाला दाखवून त्याने मुलीला हक्क सोडायला लावला, आणि मला वाटलं की तो दया दाखवतोय.

काही दिवसांनी त्या परीक्षक मॅडमचा शाळेत फोन आला. औरंगाबादच्या फेरीला त्या बघायला गेल्या होत्या. "सर, तुम्हाला कळवावं वाटलं. तिथे एक परीक्षक अलिबागकडचे होते. त्यांनी त्या पहिल्या नंबरच्या मुलाला विचारलं, जालन्यात भरती कधी येते."

"मग?"

"मुलगा आपल्या तक्त्याकडे बघायला लागला. सगळे हसले. प्रकल्प पहिल्याच फेरीत बाद झाला." मग त्या म्हणाल्या, "मी एक ओळ पुढे वाचली असती तर..."

"मॅडम, तुम्ही निदान फोन केलात," मी म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो.

मला त्या टायवाल्या मुलाचं फार वाईट वाटलं. ज्या चुकीला जिल्ह्यात टाळ्या मिळाल्या तिलाच विभागात हशा मिळाला. दोन्ही ठिकाणी त्याला कुणी जवळ बसवून नकाशा दाखवला नाही. शिकवायचं राहून गेलं, नुसते गुण झाले.

मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. या वेळी आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो.

"साहेब, जिल्ह्याचा प्रकल्प बाद झाला. म्हणजे जिल्ह्याची जागा मोकळी आहे. आता प्रज्ञाचं नाव पाठवा."

"मुदत संपली."

"जागा कुणाला दिली?"

"कुणालाच नाही. तशी तरतूद नाही."

"म्हणजे खोली आहे, कॉट आहे, फक्त पोरगी नाही."

"तौर सर, तुमच्या विद्यार्थिनीला पारितोषिक मिळालंय. तुम्ही स्वतः घेतलंय."

मग आवाज चढलाच. शिपायाने मला बाहेर काढलं नाही, पण दार उघडून धरलं.

प्रज्ञा दहावीला शाळेत पहिली आली. अकरावीला तिने शेजारच्या गावात आर्ट्स घेतलं, कारण तिथे एवढंच होतं. कधीकधी ती लॅबमध्ये यायची. आता आमच्याकडे नेट बरं चालतं, ऑफिसातला फोन उचलला तरी तुटत नाही. एकदा मी विचारलं, "पाण्याचं काय झालं?" ती म्हणाली, "पाणी चालूच हाय सर. मी थांबले." ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

माझ्या नंतरच्या शिक्षकांना सांगण्यासारखं थोडंसं आहे. मुलांना नेट जरूर दाखवा, पण ज्या गोष्टीवर त्यांनी स्वतः हात ठेवला आहे ती आधी, पडद्यावरची नंतर. गुणांचा तक्ता बनवताना 'खरं आहे का' हा रकाना पहिला आखा, बाकीचे जागा उरली तर. आणि कुणी उत्तेजनार्थ देऊ केलं तर आधी विचारा, उत्तेजन नेमकं कशाला.

ते साहेब बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले. तिथेही प्रदर्शनं भरत असतील, तिथेही ते व्हरांड्यात कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवत असतील. माझं त्यांच्याकडे स्वतःसाठी मागणं नाही. एका हुशार मुलीची जागा दोन वर्षं रिकामी राहिली, चूक समोर आल्यावरही आणि शब्द दिल्यावरही रिकामी राहिली. ती कुणी रिकामी ठेवली, का ठेवली, याचं उत्तर त्यांनी द्यावं. लेखी द्यावं, सहीनिशी द्यावं. मला नाही, प्रज्ञा खरातला द्यावं, आणि तिच्या वडिलांच्या समोर द्यावं.